'वेल-अपॉइंटेड'चा माग: अनुवादाच्या कामातल्या नोंदी

४ जून

आमच्या अभिवाचनासाठी शेक्सपिअरच्या इतिहासनाटकांतले निवडक उतारे मराठीत आणायचं काम आजपासून पुन्हा हातात घेतलं. पंधरा वर्षांपूर्वी यातला थोडा भाग मी केला होता आणि तो एका दिवाळी अंकात छापूनही आला होता. तो अंक आज कपाटातून काढला आणि दुसऱ्याच पानावर थबकले.

'चौथा हेन्री'च्या दुसऱ्या भागातला प्रसंग आहे. यॉर्कचा आर्चबिशप राजाविरुद्ध उठलाय. यॉर्कशायरमधल्या गॉलट्रीच्या रानात त्याचं सैन्य उभं आहे आणि समोरून राजाचा माणूस येताना दिसतो. आर्चबिशप विचारतो, हा 'वेल-अपॉइंटेड लीडर' कोण? मी तेव्हा लिहिलं होतं, 'रीतसर नेमलेला हा सरदार कोण?'

साफ चूक. लांबून येणाऱ्या माणसाची नेमणूक रीतसर झाली आहे की नाही, हे कुणाला दिसेल? दिसतं ते चिलखत, घोडा, हत्यारं, मागची माणसं. त्या काळात या शब्दाचा अर्थ होता सगळ्या साजसरंजामानिशी तयार. मी 'अपॉइंट' बघितलं, लगेच 'नेमणे' आठवलं आणि पुढे गेले. एवढी वर्षं ते तसंच छापलेलं पडून आहे याचं वाईट वाटतं. म्हणून ठरवलं की अनुवादाबरोबर या एका शब्दाच्या वेगळ्या नोंदी ठेवायच्या. तो कुठून आला, कुठे कुठे वापरला गेला, आणि कोणत्या काळातल्या वाक्याला मराठीत काय द्यायचं.

७ जून

मुळापासून सुरुवात केली. जुन्या फ्रेंचमध्ये 'आ पॉइंट', म्हणजे नेमक्या बिंदूवर, जिथे हवं तिथे. त्यावरून क्रियापद झालं: ठाकठीक करणं, ठरवणं, मार्गी लावणं. फ्रेंच हॉटेलात आजही मांस 'आ प्वाँ' मागवतात, म्हणजे कच्चंही नको आणि फार शिजलेलंही नको. हे क्रियापद इंग्रजीत आलं आणि त्याला फाटे फुटले. वेळ ठरवणं, माणूस पदावर ठरवणं, आणि माणसाला किंवा जागेला लागेल ते सगळं ठाकठीक पुरवणं. पहिले दोन अर्थ आज सगळ्यांच्या तोंडी आहेत. तिसरा क्रियापदातून जवळजवळ गेला आणि 'वेल-अपॉइंटेड'मध्ये तेवढा उरला.

संध्याकाळी सरांना फोन केला. कॉलेजात इंग्रजी शिकवणारे आमचे सर आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण शब्दाचं नाव काढलं की आवाज बदलतो.

"सर, 'रीतसर नेमलेला' ही माझीच चूक होती. तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत."

"बोललो नाही, कारण मला तुझ्या 'नेमलेला'मध्ये काहीतरी दिसत होतं. तैनात शब्द काढून बघ. आणि नेमणूक. पेशवाईतली नेमणूक, आजच्या ऑफिसातली नव्हे."

रात्री काढून बघितलं. पेशवेकालीन कागदांत नेमणूक म्हणजे पदावर बसवणं तर आहेच, शिवाय बांधून दिलेली रक्कम, खर्चाची तरतूद हाही अर्थ आहे. तैनात अरबीतून आला. मुळात ठरवणं, नेमून देणं, आणि त्यातूनच वेतन, नेमून दिलेला खर्च. वसईच्या तहाने, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावाने जी इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, तिच्या नावात हे दोन्ही अर्थ आहेत. फौज नेमलेली आणि तिच्या खर्चाला मुलूख लावून दिलेला. म्हणजे 'ठरवणं'पासून 'पुरवणं'पर्यंतची वाट फ्रेंच-इंग्रजीतही आहे आणि आपल्या दफ्तरातही. आपल्याकडे तर नेम धरणं, नेमकं आणि नेमणूक एकाच घरातले.

मराठी वाक्य चूकच आहे, ते बदलणारच. पण चूक कुठून आली हे कळल्यावर बरं वाटलं.

१५ जून

शेक्सपिअरमधल्या जागा काढत बसले. आजपर्यंत हाती लागल्या त्या चार लिहून ठेवते.

'सहावा हेन्री', पहिला भाग: बोर्दोच्या वेशीपाशी इंग्रज सेनापती टॉल्बटला बजावलं जातं की मागे फिरलास तर 'वेल अपॉइंटेड' दोफँ, म्हणजे फ्रान्सचा युवराज, युद्धाचं जाळं टाकून उभा आहे. 'चौथा हेन्री', दुसरा भाग: आर्चबिशप 'वेल-अपॉइंटेड' सैन्यानिशी उठल्याची बातमी, आणि त्याच नाटकातला वर लिहिलेला सरदार. 'पाचवा हेन्री', तिसऱ्या अंकाआधीचा कोरस, म्हणजे निवेदकाचं भाषण: 'वेल-अपॉइंटेड' राजा धक्क्यावरून फ्रान्सकडे जायला जहाजावर चढतोय.

चारही ठिकाणी युद्ध आहे. घर नाही, खोली नाही, पडदे नाहीत. विशेषण कधी फौजेला लागतं, कधी तिच्या धन्याला, आणि ऐकणाऱ्याच्या पोटात थोडी भीती उभी करण्यासाठी लागतं. हे आज फार स्पष्ट झालं.

कोरसमधल्या धक्क्याची गंमत अशी की १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित आवृत्तीत, तिथे 'डोव्हर' छापलंय. १६००च्या छोट्या आवृत्तीत कोरस नाहीतच, त्यामुळे ताडून बघायला दुसरा पाठ नाही. पण खरा पाचवा हेन्री ऑगस्ट १४१५मध्ये साउथॅम्प्टनहून निघाला होता आणि त्याच नाटकात राजा साउथॅम्प्टनला असल्याचं आधी येऊन गेलंय. म्हणून संपादकांनी 'हॅम्प्टन' केलं. मीही हॅम्प्टनच ठेवणार.

१६ जून

पाहुणे होते. फक्त एक ओळ लिहिली आणि खोडली.

२३ जून

'वेल-अपॉइंटेड' असणं म्हणजे त्या काळात नक्की काय, हे डोळ्यासमोर आल्याशिवाय मराठी शब्द सुचणार नाही. म्हणून हा आठवडा नाटक बाजूला ठेवून सैन्यभरतीवर घालवला.

इंग्लंडमध्ये १२८५च्या विंचेस्टरच्या कायद्याने प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे हत्यारं बाळगायची होती. ज्याची जमीन जास्त त्याच्याकडे घोडा, चिलखत, तलवार, आणि गरिबाकडे निदान धनुष्यबाण. पाचव्या हेन्रीच्या काळापर्यंत लेखी करार आले होते. एखादा सरदार अमुक इतके चिलखती स्वार आणि अमुक इतके तिरंदाज घेऊन येईन असा करार करायचा आणि त्याबद्दल राजाकडून पैसे घ्यायचा. मग गणती व्हायची. माणसं मोजायची, आणि ठरल्याप्रमाणे हत्यारं आहेत का तेही बघायचं. अशा गणतीला उभ्या असलेल्या माणसासाठी हे विशेषण आहे. ज्याचं काही कमी नाही, ज्याला बघून कारकुनाला खोट काढता येणार नाही, तो.

हे वाचताना मराठी माणसाला आपले शिलेदार आणि बारगीर आठवणारच. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला यायचा. बारगिराला घोडा आणि हत्यारं सरकारातून मिळायची. इंग्रजी विशेषण याबाबत गप्प आहे. सामान कुणाचं हे ते सांगत नाही, पूर्ण आहे एवढंच सांगतं. म्हणून 'शिलेदार' वापरायचा मोह आवरला. आपल्या इतिहासाचा फार नेमका वास त्याला आहे, तो यॉर्कशायरच्या रानात नेऊन उभा करणं बरं नाही.

सरंजामचं मात्र वेगळं आहे. मूळ फारसी. जुळवाजुळव, सामग्री हा त्याचा साधा अर्थ आपण रोज वापरतो: स्वयंपाकाचा सरंजाम, लग्नाचा सरंजाम. मराठी राज्यात त्याचा दुसरा अर्थ झाला. फौज बाळगावी म्हणून सरदाराला लावून दिलेला मुलूख. शिवाजी महाराजांचा भर रोख पगारावर होता, राजाराम महाराजांच्या धामधुमीच्या काळात मुलूख तोडून द्यायची पद्धत वाढली, आणि पुढे सरंजामदार हा राज्याचा कणाही झाला आणि डोकेदुखीही. आज सरंजामशाही म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर वाडा, मिशा आणि जुलूम येतो. ज्या शब्दात नुसती तयारी होती तो एका अख्ख्या व्यवस्थेचं नाव झाला. इंग्रजीतला त्याचा भाऊ याच काळात उलट दिशेने, दिवाणखान्याकडे चालला होता. त्याच्याकडे पुढे येईन.

तूर्त निर्णय: फौजेला 'जय्यत'. 'जय्यत तयारी' इतकं वापरून गुळगुळीत झालंय की 'जय्यत फौज' म्हटल्यावर शब्द पुन्हा जागा होतो.

३० जून

आजचा दिवस एका शब्दावर गेला आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

विरुद्धार्थी शब्द शोधत होते. 'वेल-अपॉइंटेड'च्या उलट काय? सरांनी सहज म्हटलं, "अगं, हॅम्लेटच्या बापाचं भूत काय म्हणतं ते बघ ना."

भूत म्हणतं की मी बागेत झोपलो असताना सख्ख्या भावाने मला मारलं, माझी पापं ऐन बहरात असताना. आणि मग एका ओळीत तीन शब्द: 'अनहाउजल्ड, डिसअपॉइंटेड, अनअनील्ड.' यातला मधला आपण रोज 'निराश' म्हणून वापरतो. इथे निराशेचा काही संबंध नाही. इथे अर्थ आहे बिनतयारीचा, काही हाताशी नसलेला. 'अपॉइंट' म्हणजे लागेल ते देऊन तयार करणं, तर ज्याला ते मिळालंच नाही तो 'डिसअपॉइंटेड'. 'मेझर फॉर मेझर'मध्ये याची दुसरी बाजू सापडते. उद्या शिरच्छेद व्हायचा असलेल्या भावाला बहीण सांगते, तुझी 'अपॉइंटमेंट' लवकर उरकून घे. भेटीची वेळ नव्हे, मरणाची तयारी.

मला लगेच 'शिदोरी' सुचलं. 'शिदोरी न घेता निघालेला.' कागदावर लिहिलं, मोठ्याने म्हटलं, फार आवडलं. मग पहिल्या आणि तिसऱ्या शब्दाकडे गेले, आणि तिथे अडकले.

'हाउजल' हा जुना इंग्रजी शब्द प्रभुभोजनाचा, ख्रिस्तप्रसादाचा. 'अनअनील्ड' म्हणजे मरताना पवित्र तेल न लावलेला. आणि मरणाऱ्याला जो शेवटचा ख्रिस्तप्रसाद देतात त्याला लॅटिनमध्ये 'व्हायाटिकम' म्हणतात. 'व्हिया' म्हणजे वाट. व्हायाटिकम म्हणजे वाटेसाठी बांधून दिलेलं. म्हणजे शिदोरीच! माझा शब्द बरोबर होता, पण चुकीच्या जागी बसला होता. तो मधल्या शब्दाचा नव्हता, पहिल्याचा होता.

मध्येच गंगाजळ आणि तुळशीपत्र घालण्याचाही विचार डोकावला. मराठी श्रोत्याला ते एका क्षणात पोचलं असतं, मात्र भूत डेन्मार्कचं आहे आणि त्याचं दुःखच त्याच्या धर्माचं आहे. प्रसाद नाही, पापाची कबुली नाही, तेल नाही, आणि म्हणून तो दिवसा आगीत आणि रात्री वणवण फिरतो. तुळशीपत्र ठेवलं तर पुढचं सगळं खोटं पडतं. तेव्हा,

शिदोरी नाही, तयारी नाही, तेलाचं बोट नाही.

'तयारी' हा शब्द साधा आहे, परीक्षेच्या तयारीसारखा. पण तीन 'नाही'च्या मध्ये तो जड होतो. तासभर दुसरं काही सुचतं का बघितलं. सुचलं नाही, आणि आता वाटतं की नकोच.

९ जुलै

सरांच्या घरी गेले होते. त्यांनी १६११च्या इंग्रजी बायबलचं एक जुनं छापलेलं पुस्तक समोर ठेवलं, बोटाने शास्त्यांच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय दाखवला. दान वंशाचे सहाशे पुरुष, 'अपॉइंटेड विथ वेपन्स ऑफ वॉर'. इथे 'वेल' नाही, नुसतं 'अपॉइंटेड', आणि अर्थ सरळ 'हत्यारबंद'. मूळ हिब्रू शब्द आहे कंबरेला बांधलेला. १९०१च्या अमेरिकन आवृत्तीत तिथे 'कमर कसलेले' या अर्थाचा शब्द आला आणि 'अपॉइंटेड' गेला.

"बघ," सर म्हणाले, "हा अर्थ लोकांना कळेनासा झाला म्हणून बदलावा लागला. आणि मजा अशी की 'कंबर कसणे' आपल्याकडे जिवंत आहे. हिब्रूला आपण इंग्रजांपेक्षा जवळ."

काकूंनी पोहे आणले. सरांनी पुस्तक मिटायच्या आधी पानावर हात फिरवला, जसा आपण झोपलेल्या मुलाच्या अंगावरून फिरवतो.

१४ जुलै

आता दिवाणखान्याची वाट.

'अपॉइंटमेंट्स' हे अनेकवचन लष्करात टिकून राहिलं. घोडदळातल्या अधिकाऱ्याचे पट्टे, म्यान, जीन, लगाम, हे सगळं त्याच्या 'अपॉइंटमेंट्स'. माझ्या मते शब्द घोड्याच्या पाठीवरूनच नागरी जीवनात उतरला. १७८४मध्ये ब्रिस्टलहून लंडनला टपालाची पहिली घोडागाडी धावली आणि पुढची पन्नासेक वर्षं इंग्लंडच्या रस्त्यांवर गाड्यांची शर्यत होती. 'वेल-अपॉइंटेड' चौघोडी म्हणजे घोडे जोडीचे, साज चकचकीत, कंदील जागेवर, गार्ड गणवेशात. इथे अजून गणतीला उभ्या स्वाराचा अर्थ शाबूत आहे. निघायला तयार आणि खोट काढायला जागा नाही.

मग रेल्वे आली, चौघोड्या गेल्या, विशेषण उरलं. ते घराला लागलं, जेवणाच्या टेबलाला लागलं, ग्रंथालयाला, क्लबला, शेवटी हॉटेलच्या खोलीला. निघणं संपलं. आता 'वेल-अपॉइंटेड' गोष्ट जागची हलत नाही, उलट तिथे कुणीतरी येऊन बसावं म्हणून ती सजलेली असते. शेक्सपिअरच्या चारही जागी माणूस किंवा फौज कुठेतरी उठलीय, येतेय, निघालीय, नाहीतर वाट अडवून उभी आहे. हा फरक मला अर्थाच्या फरकाइतकाच मोठा वाटतो.

एक सावधगिरीची नोंद: इंग्लंडच्या राजघराण्याला माल पुरवणारे दुकानदार डब्यांवर 'बाय अपॉइंटमेंट' छापतात. ते पद दिल्याच्या अर्थाने, राजाने नेमलेले पुरवठादार. साजसरंजामाचा तिथे संबंध नाही. जुन्या चहाच्या डब्यावरची ओळ अनुवादात आली तर गोंधळ होऊ नये.

२१ जुलै

शेजारचे शब्द भराभर.

'वेल-फाउंड': जहाजाला लागतं. दोर, शिडं, नांगर, पाणी, अन्न सगळं भरलेलं जहाज. इथे 'फाइंड' म्हणजे सापडणं नव्हे, पुरवणं. घरकामाला माणूस ठेवताना 'अमुक पगार आणि ऑल फाउंड' असं म्हणत, म्हणजे पगार आणि वर राहणं-जेवण. बारगिराची आठवण इथे खरी लागू पडते. शेक्सपिअरमध्येही 'वेल' आणि 'फाउंड' जोडीने येतात, पण 'कोरिओलेनस'मध्ये 'वेल-फाउंड' यश म्हणजे कसाला उतरलेलं यश, भरलेलं नव्हे. आणखी एक सापळा.

'इक्विप': फ्रेंचमधून, पण त्याच्या मागे उत्तरेकडचा नॉर्स शब्द, जहाज सज्ज करणं, आणि त्यात जहाजाचाच 'स्किप'. म्हणजे सुसज्ज लॅबला 'वेल-इक्विप्ड' म्हणताना आपण तिला नकळत जहाज म्हणतो.

'फर्निश': फ्रेंच 'फुर्निर', पुरवणं. आधी हत्यारंही 'फर्निश' करत. आज खुर्च्या.

या तीनही शब्दांची वाट रणातून किंवा समुद्रावरून घरात येते. आपल्या सज्जची वाटही तशीच. सज्य म्हणजे ज्या, दोरी, चढवलेलं धनुष्य, आणि सज्जचं मूळ तिथेच धरतात.

२८ जुलै

बँकेच्या कामाला गेले होते. रिक्षा सिग्नलला थांबली, समोर नव्या हॉस्पिटलची पाटी: 'अत्याधुनिक यंत्रसामग्रीने सुसज्ज'. त्याच्या वर, अर्ध्या बांधलेल्या इमारतीवर फ्लेक्स: 'वेल अपॉइंटेड २ बीएचके'. देवनागरीतच. हिरवा दिवा लागला तरी मी मान वळवून बघत होते.

दोरी चढवलेलं धनुष्य वर चढून हॉस्पिटलच्या पाटीवर गेलं, आणि हॅम्प्टनच्या धक्क्यावरचा राजा दोन बेडरूममध्ये मावला. दोन्ही शब्द एकाच भिंतीवर. रिक्षावाल्या दादांना सांगावंसं वाटलं, पण ते आधीच हॉर्न वाजवत होते.

घरी येऊन शब्दसूचीतली नोंद पक्की केली. वाक्य सोळाव्या-सतराव्या शतकातलं असेल आणि माणसाला किंवा फौजेला लागलं असेल तर जय्यत, हत्यारबंद, साजसरंजामानिशी. गाडी-घोड्याला लागलं असेल तर साज चढवलेली, नीटनेटकी. एकोणिसाव्या शतकातलं घर असेल तर सगळी मांडामांड असलेलं, हवं-नको बघितलेलं. आजची खोली असेल तर सर्व सोयींची. 'सुसज्ज' शक्यतो शेवटी ठेवायचा, कारण तो सगळीकडे चालतो आणि म्हणून कुठेच काही दाखवत नाही. आधी वाक्याची तारीख बघायची, मग कोश उघडायचा. हे मी टेबलासमोरच्या भिंतीवरही लिहून लावलंय, स्वतःसाठी.

४ ऑगस्ट

पहिली तालीम. आर्चबिशप वाचणारा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आवाज छान. 'हत्यारबंद होऊन समोर येतोय तो सरदार कोण?' त्याने वाचलं आणि थांबला.

"ताई, तो एकटा येतोय की मागे फौज आहे?"

"का रे?"

"एकटा असेल तर मी दबकून विचारीन. फौज असेल तर सगळ्यांना ऐकू जाईल असं."

पंधरा वर्षांपूर्वीच्या माझ्या ओळीवर हा प्रश्न कुणालाच पडला नसता. आम्ही दोन्ही तऱ्हांनी वाचून बघितलं. दबकून जास्त चांगलं झालं. ओळही बदलली: 'नखशिखांत सजून समोर येतोय, तो सरदार कोण?' नखशिखांत म्हटल्यावर चिलखत दिसतं.

भुताची ओळ आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईंनी वाचली. तिसऱ्या 'नाही'नंतर कुणी पान उलटलं नाही.

९ ऑगस्ट

सगळे उतारे टाइप करून सरांकडे पाठवले होते, आज कागद परत आले. कोरसची ओळ मी अशी दिली होती:

समजा, तुम्ही पाहिलात हॅम्प्टनच्या बंदरात
साजसरंजामानिशी गलबतावर चढणारा राजा.

त्यांनी 'साजसरंजामानिशी'च्या खाली बारीक रेघ मारून बरोबरची खूण केलीय. 'बंदरात' खोडलंय आणि थरथरत्या अक्षरात वर लिहिलंय, 'धक्क्यावर. भाऊच्या धक्क्यावर कधी गेली नाहीस का?'

बदललं. प्रत प्रिंटला दिली.